कुंभाराचं गाढव आणि लहानसा सर्व्हर : व्हिडिओ अडकतो तेव्हा कारण कुठं शोधायचं?



एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तळहातावर मावेल असा छोटा संगणक आहे. त्याला एक हार्डडिस्क जोडली, तीत आपल्या संस्थेच्या व्याख्यानांचे व्हिडिओ ठेवले आणि ते लोकांना बघायला खुले केले. तर एका वेळी किती जण बघू शकतील?

प्रश्न नुसता हौशी लोकांचा नाही. गावोगावची वाचनालयं, शाळा, व्याख्यानमाला यांच्याकडे ध्वनिचित्रमुद्रणं साठलेली आहेत. ती कपाटातल्या डिस्कवर पडून राहतात, किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी मंचावर जातात. तिथले नियम उद्या बदलले तर आपल्या हातात काही नसतं. स्वतःचा सर्व्हर ठेवावा असं वाटतं, पण लगेच कुणीतरी सांगतं, "छे, त्याला मोठं यंत्र लागतं, लाखभर रुपये जातील." आणि विषय तिथंच संपतो.

माझं म्हणणं असं, की "किती जण?" हा प्रश्न अजून नीट विचारलेलाच नाही. आधी विचारायला हवं, की ते यंत्र नेमकं काय काम करणार आहे? एकदा हे स्पष्ट झालं, की पुष्कळ संस्थांना छोटं यंत्र पुरतं.

आपल्याकडे न्यायदर्शनाने कारणाचा विचार फार बारकाईने केला आहे. घडा तयार होतो तेव्हा माती हे समवायी कारण. कुंभार, चाक, दांडा ही निमित्त कारणं. मग प्रश्न येतो, माती पाठीवर वाहून आणणारं गाढव हे घड्याचं कारण मानायचं का? ते घड्याच्या आधी हजर होतं खरं. पण माती बैलगाडीने आणली असती तरी घडा झालाच असता. म्हणून नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. म्हणजे हजर आहे, पण कारण नाही.

सर्व्हर मंद चालतो तेव्हा आपण बहुतेक वेळा या गाढवालाच धरतो. "मेमरी वाढवा", "नवा प्रोसेसर घ्या". पैसे खर्च होतात आणि व्हिडिओ पूर्वीसारखाच अडकतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

करणं वेगळं, वाढणं वेगळं

आता व्हिडिओ म्हणजे काय ते बघू. फुल एचडी चित्राची एक चौकट १९२० गुणिले १०८० ठिपक्यांची असते. म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट धरा आणि सेकंदाला २५ चौकटी. गुणाकार करा. सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. इतकं कुठल्याही घरगुती लाइनवरून जाणार नाही.

म्हणून व्हिडिओ दाबून लहान करतात. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाताना जे बदललं तेवढंच लिहायचं. मागची भिंत तीच आहे, टेबल तेच आहे, वक्त्याचा हात तेवढा हलला. या पद्धतीचं २००३ सालचं प्रमाण म्हणजे एच.२६४. ते आज जवळजवळ प्रत्येक फोनवर, टीव्हीवर आणि ब्राउझरमध्ये चालतं. त्यात फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला ४ ते ५ मेगाबिटमध्ये बसतो. व्याख्यानात हालचाल कमी असते. ते ७२० ओळींच्या आकारात दीड मेगाबिटमध्येही छान दिसतं.

एक खुलासा करतो, कारण इथं फार गोंधळ होतो. इंटरनेटच्या लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, फाईलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे दीड मेगाबिटने एक तासाचं व्याख्यान ६७५ मेगाबाइट होतं. अशी पाचशे व्याख्यानं साडेतीनशे गिगाबाइटच्या आत बसतात. आज साधी डिस्क याच्या दुप्पट-तिप्पट मोठी असते.

तर हे दाबून बांधायचं काम कष्टाचं आहे. पण एकदा बांधून झालेली फाईल मागणाऱ्याला देणं अगदी हलकं आहे. डिस्कवरून उचलायचं आणि नेटवर्कवर सोडायचं. सर्व्हरला त्या फाईलमध्ये काय आहे हे कळण्याचीही गरज नसते.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आचारी वेगळा, वाढपी वेगळा. स्वयंपाक सकाळीच झालेला असेल तर चार वाढपी दोनशे पानं वाढतात. पण प्रत्येक पाहुणा "माझी भाजी आत्ता, माझ्यासमोर, माझ्या चवीची करा" म्हणू लागला तर पाच पानांतच मांडव बसेल. वाढपी मंद झाले असं तेव्हा आपण म्हणत नाही. कामच बदललं आहे.

व्हिडिओच्या सर्व्हरवर नेमकं हेच होतं. जेलीफिन नावाची मुक्त प्रणाली आहे. २०१८ साली एम्बी या प्रणालीपासून ती वेगळी निघाली. अशा प्रणालीत काम तीन प्रकारचं असतं. पहिला प्रकार, फाईल आहे तशी द्यायची, म्हणजे डायरेक्ट प्ले. दुसरा प्रकार, आतला माल तोच, फक्त वेष्टन बदलायचं, म्हणजे रीमक्स. हेही हलकं काम. तिसरा प्रकार ट्रान्सकोडिंग. बघणाऱ्याच्या यंत्राला ती फाईल समजत नाही, म्हणून सर्व्हर ती उकलतो आणि तिथल्या तिथे नव्याने बांधतो. पहिल्या दोन प्रकारांत वाढपी आहे, तिसऱ्यात आचारी.

गंमत अशी, की तिसरं काम गुपचूप सुरू होतं. समजा फाईल एच.ई.व्ही.सी. या २०१३ सालच्या नव्या पद्धतीने बांधली आहे आणि बघणाऱ्याचा ब्राउझर ती घेत नाही. झालं ट्रान्सकोडिंग सुरू. किंवा उपशीर्षकं चित्ररूपात आहेत आणि ती प्रत्येक चौकटीवर उमटवावी लागतात. पुन्हा ट्रान्सकोडिंग. तीच उपशीर्षकं साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असती तर ब्राउझरनेच ती वर दाखवली असती आणि सर्व्हरला काहीच करावं लागलं नसतं. मराठी व्याख्यानाला इंग्रजी किंवा हिंदी उपशीर्षकं देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं दुखणं जाईल.

नवं म्हणजे सरस, असं नाही

रास्पबेरी पाय हे छोटं यंत्र आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल. २०१२ साली ते ३५ डॉलरला बाजारात आलं, मुलांनी संगणक शिकावा म्हणून. पुढे लोकांनी त्याचे सर्व्हर केले. त्याच्या पिढ्यांची तुलना बोलकी आहे.

तिसऱ्या पिढीच्या पहिल्या यंत्राचं केबलचं नेटवर्क सेकंदाला १०० मेगाबिटचं होतं. त्यानंतरच्या '३ बी प्लस'वर गिगाबिट लिहिलेलं होतं, पण ते जोडणी यूएसबी २ मधून जात असल्यामुळे प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास थांबायचं. २०१९ च्या चौथ्या पिढीला पूर्ण गिगाबिट मिळालं. तिच्यात एच.२६४ बांधायचं वेगळं यंत्रांगही होतं. २०२३ साली पाचवी पिढी आली. प्रोसेसर बराच वेगवान, पण एच.२६४ बांधायचं ते यंत्रांग काढून टाकलेलं. ते काम आता सगळं प्रोसेसरवर पडतं.

म्हणजे "नवं आहे, म्हणून या कामाला चांगलं" हे अनुमान पक्कं नाही. कोणत्या कामाला, हे आधी ठरवावं लागतं. फाईली आहेत तशा वाढायच्या असतील तर चौथी काय, पाचवी काय, दोन्ही उत्तम. प्रत्येकासाठी ट्रान्सकोडिंग करायचं असेल तर जेलीफिनची मंडळी स्वतःच अशी एकपाटी यंत्रं घेऊ नका म्हणतात. तिथं इंटेलच्या क्विक सिंकसारखं खास अंग असलेला प्रोसेसर बरा. ते अंग २०११ पासून इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत आहे.

दोर तुटतो कुठं?

आता वाढण्याचं काम घेऊ. त्यात चार टप्पे आहेत. डिस्क, मेमरी, यंत्रापासूनचं स्थानिक नेटवर्क, आणि इमारतीबाहेर जाणारी लाइन. या चारांत जो सर्वांत अरुंद, तोच बाकीच्यांचा वेग ठरवतो.

फिरती हार्डडिस्क सलग वाचताना सेकंदाला शंभरावर मेगाबाइट सहज देते. पण वीस जण वीस वेगळी व्याख्यानं बघत असतील तर तिच्या सुईला सारखी धावपळ करावी लागते. एका उडीला सुमारे दहा मिलिसेकंद धरा. प्रत्येक उडीत एक मेगाबाइट उचललं तर उडी आणि वाचन मिळून अठरा-वीस मिलिसेकंद जातील. म्हणजे सेकंदाला पन्नासेक मेगाबाइट, म्हणजेच ४०० मेगाबिट. दीड मेगाबिटच्या व्याख्यानांना एवढं भरपूर झालं. पण प्रत्येक उडीत थोडंथोडंच उचललं, तर सगळा वेळ धावण्यातच जातो.

मेमरीचं काम इथं कळतं. सगळे एकच व्याख्यान बघत असतील तर ते एकदा डिस्कवरून येतं आणि मेमरीत राहतं. पुढच्या प्रत्येकाला तिथूनच मिळतं. म्हणजे मेमरी हे नेहमीच गाढव नाही. कोणत्या प्रसंगी ती कारण आहे आणि कोणत्या प्रसंगी नाही, हे बघावं लागतं.

केबलचं गिगाबिट नेटवर्क कागदावर दीड मेगाबिटच्या सहाशेवर प्रेक्षकांना पुरतं. वाय-फायचं तसं नाही. तिथं हवा एकच असते आणि एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. वर्गात तीस फोन एकदम लागले की दोष सर्व्हरचा वाटतो, पण तो हवेतल्या गर्दीचा असतो.

आणि शेवटी बाहेर जाणारी लाइन. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो उतरणारा वेग. आपल्याला हवा चढणारा, म्हणजे अपलोड. पुष्कळ योजनांत दोन्ही सारखे असतात, पुष्कळांत नसतात. अपलोड १०० मेगाबिट असेल आणि त्यातला सत्तर टक्केच भरवशाचा धरला, तर दीड मेगाबिटचे सेहेचाळीस प्रेक्षक बसतात. अपलोड १० मेगाबिट असेल तर चार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथं लाखाचं यंत्र ठेवलं तरी चाराचे पाच होणार नाहीत.

रेडिओशी तुलना करा. आकाशवाणीचं केंद्र एकदा प्रक्षेपण करतं. ऐकणारे शंभर असोत की लाख, प्रक्षेपकाला फरक पडत नाही. इंटरनेटवर साधारणपणे प्रत्येक प्रेक्षकाला वेगळी प्रत पाठवावी लागते. त्यामुळे बघणारे दुप्पट झाले की ओझंही दुप्पट होतं.

अन्वय आणि व्यतिरेक

मग खरं कारण ओळखायचं कसं? नैयायिकांची रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. हे असताना ते असतं, आणि हे नसताना ते नसतं, दोन्ही बाजूंनी तपासायचं. अट एवढीच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

व्हिडिओ अडकतोय? तीच फाईल त्याच इमारतीत, केबलने जोडलेल्या संगणकावर लावा. नीट चालली, तर सर्व्हर आणि डिस्क निर्दोष. संशय बाहेरच्या लाइनवर.

बाहेर एकच प्रेक्षक आहे आणि तरीही प्रोसेसर शंभर टक्के गुंतलाय? मग ट्रान्सकोडिंग चालू आहे. तोच व्हिडिओ एच.२६४ मध्ये आधीच बांधून लावा. भार उतरला तर व्यतिरेकही सिद्ध झाला.

दहा जणांनी एकच व्याख्यान लावलं तर चालतं, दहा वेगळी लावली तर अडखळतं? डिस्क तपासा.

केबलवर चालतं, वाय-फायवर नाही? उत्तर तुम्हीच दिलंत.

एकदा सुरू झालं की नीट चालतं, पण सुरू व्हायलाच वेळ लागतो? एमपी४ फाईलची अनुक्रमणिका बहुधा शेवटच्या पानावर आहे. प्लेअरला आधी फाईलच्या टोकाला जाऊन ती आणावी लागते. सर्व्हर फाईलचा तुकडा देत नसेल, तर सगळी फाईल उतरेपर्यंत थांबावं लागतं. एफएफएमपेगसारख्या साधनात 'फास्टस्टार्ट' असा पर्याय आहे. त्याने अनुक्रमणिका पुढे येते आणि चित्राला धक्का लागत नाही.

आणि वीस मिनिटं छान चाललं, मग मंदावलं? यंत्राला हात लावून बघा. रास्पबेरी पाय चौथ्या पिढीचा प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला की स्वतःच वेग कमी करतो. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळीसच्या घरात असते, तिथं बंद डबीत ठेवलेलं यंत्र लवकर तापणार. धातूची उष्णताशोषक पट्टी किंवा छोटा पंखा लावला की भागतं. तसंच कमकुवत चार्जर. फोनचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज पडतं आणि यंत्र तेव्हाही मंदावतं. आपण मात्र शिव्या देतो सॉफ्टवेअरला.

मग करायचं काय?

सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. स्वयंपाक आधी करून ठेवा. व्याख्यान संपलं की रात्री, कुणी बघत नसताना, त्याच्या दोन प्रती बांधा. एक ७२० ओळींची, दीड मेगाबिटची. दुसरी ४८० ओळींची, अर्ध्या-पाऊण मेगाबिटची, कमी वेगाच्या फोनसाठी. दोन्ही एच.२६४ मध्ये. छोट्या यंत्राला याला चार तास लागले तरी बिघडत नाही, कारण कुणी पाटावर बसून वाट बघत नाहीये. शिवाय हे काम संस्थेतल्या दुसऱ्या कुठल्याही संगणकावर करता येतं.

एचएलएस ही २००९ साली ॲपलने आणलेली पद्धत वापरली, तर फाईलचे साधारण सहा सेकंदांचे तुकडे करून ठेवता येतात. प्रेक्षकाची लाइन मंदावली की प्लेअर आपणहून छोट्या प्रतीचा तुकडा मागतो. सर्व्हरला काही ठरवावं लागत नाही, मागेल तो तुकडा द्यायचा. एनजिनएक्ससारखा साधा वेब सर्व्हर एवढं काम सहज करतो.

मोठेही हेच करतात, हे मुद्दाम सांगतो. नेटफ्लिक्स चित्रपट आधीच अनेक आकारांत बांधून ठेवतं, आणि २०१२ पासून ओपन कनेक्ट नावाने स्वतःच्या पेट्या इंटरनेट कंपन्यांच्या आवारात ठेवतं. म्हणजे स्वयंपाक आधी, आणि पंगत पाहुण्यांच्या दारात. त्यांची यंत्रं प्रचंड आहेत हे खरं, पण तत्त्व आपल्या डबीला लागू होतं तेच.

थेट प्रक्षेपणाचं काय? तिथं स्वयंपाक आधी करता येत नाही. पण तो एकदाच करावा लागतो, प्रत्येक प्रेक्षकासाठी नव्हे. कॅमेऱ्याजवळच्या लॅपटॉपने किंवा फोनने व्हिडिओ बांधून पाठवावा. सर्व्हरने तो फक्त पुढे वाटावा.

विजेचा हिशोबही बघा. पाच वॅटचं यंत्र वर्षभर अखंड चाललं तर सुमारे ४४ युनिट लागतात. साठ वॅट खाणारा जुना डेस्कटॉप ठेवला तर सव्वापाचशे. ज्या वाचनालयाचं अनुदान वेळेवर येत नाही, त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. मेमरी कार्डावर सतत लिहीत राहिलं तर ते झिजतं, म्हणून व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या जागी. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत थेट पोचता येत नाही. स्वतंत्र पत्ता मिळेल का, हे यंत्र घेण्याआधी विचारा. आणि एखादं व्याख्यान एका रात्रीत पाच हजार लोकांना बघावंसं वाटलं तर ही डबी पुरणार नाही. त्या रात्री मोठ्या मंचावरची प्रत कामाला येईल. ती जरूर ठेवा. फक्त मूळ प्रत आपल्याकडे असू द्या, म्हणजे तिथून ती गेली तरी व्याख्यान जाणार नाही.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. त्या काळातल्या भाषणांचा आवाज आपल्याकडे नाही, कारण तो टिपायचं साधनच नव्हतं. आज साधन आहे, आणि ते स्वस्त आहे. आजची भाषणं हरवली तर ती "आपल्याला जमणार नाही" या समजुतीमुळे हरवतील. त्या समजुतीत यंत्राच्या ताकदीचा वाटा किती आणि गाढवाचा किती, हे तपासून बघा, एवढीच विनंती.

वेळ होत आला आहे. एक चिठ्ठी आली आहे, "जुना लॅपटॉप चालेल का?" चालेल, चांगला चालेल. त्याची बॅटरी शाबूत असेल तर वीज गेली तरी तो काही वेळ चालू राहील. झाकण बंद केल्यावर तो झोपी जाणार नाही अशी मांडणी करा, आणि नेटवर्कला केबलनेच जोडा. विकत काही घेण्याआधी एक महिना त्याच्यावरच चालवून बघा. अडलंच, तर कुठं अडलं ते तोवर तुम्हाला कळलेलं असेल, आणि मग खर्च योग्य ठिकाणी होईल.